गिराणाची हाक

"म्हणा बाबा. दे दान, सुटे गिऱ्हाण! जरा खणखणीत. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."

माईक माझ्या तोंडापुढे होता. धरणारे क्लासचे सर. अमरावतीतला नावाजलेला क्लास, अकरावी-बारावीचं फिजिक्स-केमिस्ट्री. त्या इमारतीची गच्ची. दिवाळीतला दिवस, उतरतं ऊन. सूर्याला एका अंगानं ग्रहण लागलेलं. पुठ्ठ्याचे काळे चष्मे लावलेली पोरं खुर्च्यांवर बसलेली. मागं आईबाप. कडेला दुर्बीण, टेबलावर कचोरीचे डबे. मी त्या इमारतीचा वॉचमन. निळा शर्ट, गळ्यात शिट्टी. मला गेटवरून वर बोलावून घेतलं होतं.

फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं होतं, "ग्रहण : समज आणि गैरसमज."

समज सर सांगत होते. गैरसमज मी होतो.

निवेदन करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "आता आपण एक जिवंत उदाहरण पाहू या." पोरांनी टाळ्या वाजवल्या. जिवंत उदाहरण उभं राहिलं. डोक्यावर पांढरे केस, गुडघे दुखरे, वय पंच्याहत्तरीच्या आसपास. त्या गच्चीवर माझी नात बसली होती. निकिता. दुसऱ्या रांगेत. अकरावीला आहे, त्याच क्लासला जाते. माझा पोरगा वायरमन आहे, त्यानं तिची पूर्ण फी भरलेली. सवलत मागितलेली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लोक वॉचमनची नात म्हटली की लगेच सरांच्या उपकाराची गोष्ट मनात तयार करतात.

निकिताला ही हाक माहीत नव्हती. मी घरात कधी काढली नाही. तिच्या बापालाही अर्धवट माहीत. माझ्या घरात ती पुन्हा निघू नये एवढं एकच काम मी आयुष्यभर नेमानं केलं. आणि आता तिच्यासमोरच माईक.

सरांना कळलं कसं? माझ्याच तोंडून. दिवाळीच्या आधी एकदा गेटवर गाडी लावता लावता त्यांनी विचारलं, "बाबा, तुमच्या लहानपणी ग्रहणात काय करायचे हो?"

मी म्हटलं, "लोक दान मागत."

"कोण मागायचे?"

"आमी."

सरळ विचारलं, सरळ सांगितलं. त्यांनी मान हलवली, "इंटरेस्टिंग" म्हणाले आणि गेले. मला वाटलं विषय संपला. त्यांनी त्याचा कार्यक्रम केला.

ही हाक मी शेवटची दिली तेव्हा मी तिसरीत होतो. नांदगाव खंडेश्वराकडचं आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला मांगपुरा. शाळा वरच्या आळीत, मारुतीच्या पाराजवळ. मी दाराच्या आत बसायचो खरा, पण दाराला लागून. गुरुजी एकच. हुशार माणूस. तेही खोटं बोलणार नाही.

त्यांनी एकदा भर दुपारी शाळेची खिडकी-दार लावून कंदील पेटवला. कंदील म्हणजे सूर्य. संत्रं म्हणजे पृथ्वी. बोर म्हणजे चंद्र. कंदील आणि संत्र्याच्या मधी बोर आणलं की संत्र्यावर काळा ठिपका पडायचा. "हे सूर्यग्रहण," गुरुजी म्हणाले. "अमावास्येलाच होते. उजेड सरळ चालते, वाकत नाही. मधी काही आलं की सावली. राहू नाही, केतू नाही. सावली." मग बोर संत्र्याच्या मागं नेलं. बोरावर संत्र्याची सावली. "हे चंद्रग्रहण. पौर्णिमेलाच."

माझ्या अंगावर काटा आला. एवढं सोपं? ज्याच्यासाठी आख्खं गाव दार लावून बसतं, पोटुशा बाईला सुईदोरा हातात घेऊ देत नाही, ते एक बोर?

मग प्रत्येकानं उठायचं आणि बोर फिरवून पाहायचं. रांगेनं सगळ्यांनी फिरवलं. माझी पाळी आली. मी उठलो.

गुरुजी म्हणाले, "तू तठूनच पाह्य. दिसते ना?"

दिसत होतं. बसलो. धडा झाल्यावर गुरुजींनी संत्रं सोललं आणि पहिल्या रांगेला एकेक फोड दिली. तेव्हा मला समजलं. मी पृथ्वीला हात लावला असता तर ती कोणी खाल्ली नसती.

तरी त्या दिवशी मी रागावलो नाही. इतकं मोठं गुपित हाती लागलं होतं. पळत घरी गेलो. मायला म्हटलं, "माय, गिराण म्हणजे सावली व्हय. राहू-बिहू काई नाई."

माय शिंदीचे फडे, म्हणजे झाडू, बांधत होती. तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, "सावली असो का साप असो. जवारी तं खरीच येते ना?"

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. राहू-केतू म्हणे आमचे भाऊबंद. आमच्या जातीचे. ते सूर्याला धरतात. आम्हाला दान दिलं की ते सोडतात. म्हणून ग्रहण लागलं की मांगपुरा टोपल्या घेऊन वरच्या आळीत जायचा आणि ओरडायचा, दे दान, सुटे गिराण. ग्रहण सुटलं की लोक आंघोळ करून दार उघडायचे आणि वरून टाकायचे. जुनं धोतर, फाटकं लुगडं, किडकी जवारी. भाऊबंद आभाळात सूर्य गिळायला बसलेले आणि आम्ही खाली त्यांच्या नावानं चिंध्या गोळा करणारे. असले भाऊबंद कोणाला असू नयेत.

त्याच हिवाळ्यात सूर्याला ग्रहण लागलं. माय मला घेऊन निघाली. गुरुजींच्या दारी आलो. दार बंद. आतून पाणी ओतल्याचा आवाज. गुरुजी आंघोळ करत होते. ग्रहणाची. ज्यांनी मला बोर दाखवलं ते. मी थक्क झालो, पण पोराचं मन, मला वाटलं, घरच्यांसाठी करत असतील. आपण हुशारी दाखवली तर खूश होतील.

दार उघडलं. गुरुजी ओल्या धोतरावर. मागं त्यांची बायको, हातात सूप. ओट्यावर शेजारपाजारचे चार लोक. मायनं हाक दिली. मी नाही दिली. मी ओरडलो, "गुरुजी, सावली सरली!"

ओट्यावरचे हसले. गुरुजी हसले नाहीत. एक पायरी खाली आले. अंतर ठेवून उभे राहिले. म्हणाले,

"धडा शाळेत. अठी मांगाच्या पोरानं हाक द्याची."

मग मायला म्हणाले, "याले नीट वरडाले शिकव. नाई तं या दारी येऊ नोको."

मायनं माझ्या पाठीत बुक्की घातली. मी हाक दिली. गुरुजी म्हणाले, "ऐकू नाई आलं." पुन्हा दिली. "मोठ्यानं." पुन्हा दिली. माझ्याच वर्गातला एक पोट्टा दारातून पाहत होता. ज्यांनी फोड खाल्ली होती त्यांच्यातला. हसून हसून वाकला होता. मग सूप उपडं झालं. जवारी मातीत पडली. माय बसली वेचायला. मी उभा राहिलो.

"वेच ना," माय म्हणाली.

"नाई वेचत."

तिनं वर पाहिलं. कसं पाहिलं ते मला सांगता येत नाही. पुन्हा वेचायला लागली.

चौथीत मी गेलो नाही. त्यानंतर कोणत्याच ग्रहणाला टोपली धरली नाही. मारही खाल्ला. मोठा झालो तसा अकोल्याला गेलो, सरकीच्या तेलाच्या मिलमध्ये पोती वाहिली. तिथं ग्रहण लागलं तर आम्ही हमाल मुद्दाम भजे आणून खायचो. मुकादम म्हणायचा, "मरता का बे?" आम्ही म्हणायचो, "पोत्याखाली मेलो नाई तं भज्यानं काय मरतो?" मिल बंद पडली, म्हातारा झालो, अमरावतीला पोराकडे आलो. घरात बसवेना म्हणून वॉचमन झालो. कोणाचं फुकटचं खाल्लं नाही.

आता गच्चीवर या.

सर शिकवत होते ते मी जिन्याच्या दारातून ऐकलं होतं. शिकवतात चांगलं. चंद्र लहान, पण जवळ. सूर्य मोठा, पण दूर. म्हणून लहान मोठ्याला झाकतो. डोळ्यापुढं अंगठा धरा, पाण्याची टाकी झाकली जाते की नाही? पोरांनी अंगठे धरले. मीही धरला, कोणी पाहत नव्हतं तेव्हा. मग दर अमावास्येला ग्रहण काहून नाही, तर चंद्राची वाट थोडी तिरपी आहे, बहुतेक वेळा सावली वरून नाहीतर खालून निसटते. साठ-पासष्ट वर्षांनी माझी ती शंका फिटली. गुरुजींनी हे सांगितलं नव्हतं. सरांच्या शिकवण्याबद्दल माझी तक्रार नाही. माणूस चांगला शिकवू शकतो आणि तोच हलकटही असू शकतो. मी दोन पाहिले.

तर माईक तोंडापुढे.

"म्हणा ना बाबा. लाजायचं काय त्यात? आपली परंपरा आहे ही."

आपली.

मराठीत हा शब्द मोठा लबाड आहे. आम्ही म्हटलं की तुम्ही बाहेर. आपण म्हटलं की सगळे आत. टोपली धरायची तेव्हा "तुमचे लोक" होतं. जवारी मातीत पडली तेव्हा "तुमचं ते तुम्ही उचला" होतं. आता गच्चीवर, माईक लावून, फोन उभे धरून दाखवायची वेळ आली तर "आपली." आपली कशी? ह्यांच्या घरचं कोण कधी टोपली घेऊन आमच्या पुऱ्यात आलं होतं?

मी म्हटलं, "नाई म्हणत."

सरांनी माईक बाजूला केला. हळूच म्हणाले, "बाबा, कार्यक्रमाचा विचका करू नका. दोन शब्द तर आहेत."

"दोनच हायेत तं तुमीच म्हणा."

पुढची पोरं हसली. मला वाटलं सर भडकतील. भडकले नाहीत. शिकलेला माणूस भडकत नाही, वळसा घालतो. माईक परत तोंडाशी नेला, हसले आणि म्हणाले,

"बाबा लाजले! हरकत नाही. निकिता, तू ये. तू आजोबांकडून घरी ऐकलं असशीलच."

निकिता उठली. सर म्हणाले की ती उठते. हुशार पोरगी आहे, तिला सरांचा विषय आवडतो, सर तिला आवडतात. चष्मा कपाळावर सरकवून पुढं आली. मला पाहून हसली. तिला वाटलं, आजोबांना जमलं नाही, आपण मदत करू.

"काय म्हणायचंय सर?"

"दे दान, सुटे गिऱ्हाण. तीनदा. मोठ्यानं."

तिनं माईक घेतला. फोन तिच्याकडं वळले. पहिल्या रांगेत सरांचा पोरगा, त्याचाही फोन. तिनं श्वास घेतला.

"दे..."

"निकिता! बस खाली."

माझा आवाज निघाला तो माईकशिवाय. शेजारच्या इमारतीवर पतंग उडवणारे थांबून पाहायला लागले. सरांना खणखणीत पाहिजे होतं, मिळालं.

"आबाजी, काय झालं?"

"बस म्हटलं ना माय."

ती बसली नाही. माईक मात्र खाली केला. मी सरांकडे वळलो. जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, एक शब्द गोड करत नाही.

"ही हाक भिकेची हाये. माह्या मायनं मारली. मी मारली. माही नात नाई मारणार. गमतीत नाई, माईकवर नाई, तुमच्या इज्ञानासाठी नाई. तुमाले दाखवाचीच असन तं आपल्या पोराले उभं करा. तो बसला तठी, पुढच्या रांगेत. सांगा त्याले, मोठ्यानं म्हण."

पोरगा खुर्चीत आक्रसला. त्याची आई मागून उठली.

सर म्हणाले, "बाबा, तुम्ही विषय जातीवर नेताय. इथे विज्ञान चाललंय."

"जात तुमी आणली गच्चीवर. मी तं गेटवर बसलो होतो."

कोणी तरी म्हणालं, "खाली घेऊन जा यांना." कोणी हात लावला नाही. लावायला पाहिजे होता, मी वाट पाहत होतो. सर म्हणाले, "अंधश्रद्धा मोडायची म्हणून तर आम्ही हे दाखवतोय. तुम्हालाच कळत नाही."

तेव्हा मला हसू आलं. खरंच आलं. मी म्हटलं, "अंधश्रद्धा मोडाची तं सकाळी मले तुळशीची पानं तोडाले काहून धाडलं? तुमच्या घरच्या माठात टाकाले ना? आन हे कचोरीचे डब्बे तवापासून बंद काहून हायेत? पोट्टे भुकेले बसले. द्या ना. सावलीच हाये तं द्या खाले."

पोरं खदखदून हसली. पण डबा कोणी उघडला नाही. एकाही आईबापानं नाही, मॅडमनं नाही, सरांनी नाही. दोनशे रुपयांचा चष्मा लावून सावली पाहणारी माणसं सावलीला घाबरून कचोरीला हात लावत नव्हती. मी पाहत उभा राहिलो. मला त्यांची कीव आली नाही. किळस आली. गुरुजी निदान दार लावून भ्यायचे. हे गच्चीवर, दुर्बिणीशेजारी भितात आणि भित्रेपणाचं खापर फोडायला एक म्हातारा मांग शोधून आणतात.

शिट्टी काढून टेबलावर ठेवली. खाली उतरलो. गेटवरची माझी पाण्याची बाटली घेतली आणि घरी आलो. सूर्य ग्रहणातच बुडाला त्या दिवशी. सुटलेला कोणी पाहिला नाही.

घरी पोरगा ओरडला. "बाबा, कायले भांडले? पोरीचं वर्ष हाये ना! आता तिले तठी बसू देतीन का कोणी?"

मी म्हटलं, "फी भरली का तू?"

"भरली."

"मंग बसू देनं काय उपकार हाये?"

निकितानं मला जेवायला वाढलं, समोर बसली. मग विचारलं, "आबाजी, तुमी खरंच मागत होते?"

"हाव."

"कसं?"

मी सगळं सांगितलं. बोर, संत्रं, फोड, ओटा, जवारी. माय कशी वेचत होती तेही. ऐकताना ती रडली नाही. तिच्या नाकपुड्या फुलत होत्या. माझ्या मायच्या अशाच फुलायच्या.

"मी जाणार नाही उद्यापासून त्या क्लासले," ती म्हणाली.

"काहून?"

"तुमचा अपमान केला त्यायनं."

"अपमान माहा केला. शिकणं तुहं हाये. मी चौथीत गेलो नाई, गुरुजीचं काय बिघडलं? ते मेले तवर मास्तरच होते. मी पोती वाह्यली. तू जाजो. पहिल्या रांगेत बसजो. काई समजलं नाई तं हात वर करजो, आन समजेपर्यंत खाली नोको घेऊ. सर हाक माराले लावतीन तं उठू नोको. गणित कराले लावतीन तं सगळ्यात आधी उठजो."

ती गेली. दिवाळी संपल्यावर पहिल्याच दिवशी. पहिल्या रांगेत सरांच्या पोराशेजारची खुर्ची रिकामी होती, तिथं बसली. सर फळ्याकडं वळले.

मग ते आमच्याकडे आले. काही दिवसांनी, भर दुपारी, आमच्या गल्लीत त्यांची गाडी शिरली. सोबत त्या निवेदनवाल्या मॅडम. मी दाराच्या आत खाटेवर बसलो होतो. ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मी आत या म्हटलं नाही.

सर म्हणाले, "बाबा, त्या दिवशीचं मनात ठेवू नका. आम्हाला ती हाक फक्त रेकॉर्ड करायची आहे. नाव टाकणार नाही. चेहरा दाखवणार नाही. नुसता आवाज."

"कायले?"

मॅडम म्हणाल्या, "अहो, ती चाल आता कोणालाच येत नाही. तुमच्या पिढीबरोबर नष्ट होईल ती. कायमची."

"व्हाले पाह्यजे."

"असं नका म्हणू. दोन ओळी द्या. फार उपकार होतील बाबा."

सरांनी हात पुढं केला. हातात फोन. दोघंही दारात उन्हात उभे, तोंडावर ते हसू, जे मागणाऱ्याच्या तोंडावर असतं. मला ते हसू ओळखता येतं. माझ्या मायच्या तोंडावर पाहिलेलं आहे.

मी खाटेवरून हललो नाही. म्हटलं, "पुढं जा."

"अं?"

"घरात काई नाई. पुढं जा."

मॅडमना समजलं. त्या लाल झाल्या आणि मागं फिरल्या. सरांना समजलं नाही. ते आणखी थोडा वेळ उभे होते.

आमच्या पुऱ्यातली माझ्या वयाची जी म्हातारी उरली आहेत त्यांना मी निरोप धाडला आहे. कोणी फोन घेऊन आला, कोणी गोड बोलला, परंपरा म्हणाला, आपली म्हणाला, तर तोंड उघडायचं नाही. दोघी-तिघींनी हो म्हटलं. एक म्हातारा म्हणाला, तू लय ताठ आहेस. आहे.

आणि हे वाचणाऱ्यालाही सांगतो. शब्द मी इथं लिहिले, ते तर सगळ्यांना माहीतच आहेत. पण नुसत्या शब्दांची ती हाक नव्हती. कोणत्या अक्षरावर आवाज चढवायचा, कुठं तोडायचा, कुठं लांबवला की बंद दाराच्या आतल्या माणसाच्या काळजात धस्स होतं, ते माय शिकवायची. मला अजून येतं. सगळं येतं. ते मी कोणाला देणार नाही. शिकलेल्याला नाही, लिहिणाऱ्याला नाही, माझ्या नातीलाही नाही. ते माझ्याबरोबर मातीत जाईल.